लॅपटॉप, मान आणि आबांचे हात

बसून बसून माणूस आजारी पडतो, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. गाडी घसरली, जिन्यावरून पाय सटकला, डेंगू झाला, हे समजतं. मी तर घरात होते. दिवाणावर बसले होते. मांडीशी लॅपटॉप, बाजूला चहा. आणि तिथून उठून मी थेट आयसीयूत गेले! आता बरी आहे, तरी हे लिहिताना वाटतं, ही भलत्याच कुणाची तरी गोष्ट आहे.

घरून काम करणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. डॉक्टरकी सांगणार नाही, ती मला येत नाही. माझ्यावर काय गुदरलं तेवढं सांगते. आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, विचारून लिहितेय. ते म्हणाले, "लिही. काय बी झाकू नको."

माझं ऑफिस

मी विम्याचे क्लेम तपासायचं काम करते. लोकांची दवाखान्याची बिलं, रिपोर्ट, डिस्चार्जचे कागद दिवसभर वाचायचे आणि शेरे मारायचे. कंपनीनं इथलं ऑफिस बंद केलं आणि सांगितलं, आता कायमचं घरून. मला तर हर्षच झाला. ना रिक्षा, ना डबा, ना साडी-ड्रेसचा विचार.

मुकुंदवाडीत आमच्या दोन खोल्या. माझा नवरा सुनील वाळूजला कंपनीत, शिफ्टमध्ये. आई गेल्यावर आबांना आम्ही लासूर स्टेशनहून इकडं आणलं. त्यामुळं ऑफिस थाटायचं कुठं, तर बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर. पाठीला भिंत, भिंतीला उशी, पाय मुडपलेले आणि पुढं ते पलंगावर मांडायचं घडीचं छोटं टेबल. कमी खर्चात झ्याक काम! फोटो काढून स्टेटसला टाकला, "माझं नवं ऑफिस". सगळ्यांनी लाइकचे अंगठे पाठवले. कुणी म्हणालं नाही, अगं बाई, तुझी हनुवटी छातीला टेकलीय.

खरंच टेकलेली असायची. लॅपटॉपची स्क्रीन माझ्या पोटाजवळ, तर डोळे कुठं जाणार? काही महिन्यांत मान अशी धरायला लागली की भाजी चिरताना मागून कुणी हाक मारली तर मला अख्खं वळावं लागायचं. मी बाम चोळायचे, गरम पिशवी ठेवायचे आणि परत त्याच दिवाणावर चढायचे. टेबल-खुर्चीचा विषय निघाला की मीच म्हणायचे, "ठेवू कुठं? डोक्यावर?"

आणि आमच्याकडं मानेवर एक हुकमी इलाज होताच.

मोंढ्यातला इलाज

आबांनी सगळी उमर लासूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाली केली. ट्रकमधून पोती उतरवायची, थप्पी लावायची. मान आखडणं तिथं रोजचंच. काम उरकलं की हमाल एकमेकांची मान मोडून द्यायचे. त्यात आबांचा हात नामी. एक हात हनुवटीखाली, एक डोक्यामागं, दोनदा हळू झुलवायचं आणि तिसऱ्यांदा झटका. कडाड! ज्याची मोडली तो डोळे मिटून "हां" म्हणायचा आणि पुढचा येऊन बसायचा. आडत्यांचे मुनीमसुद्धा आबांसमोर मान घेऊन यायचे. लहानपणी मला याचा केवढा अभिमान होता.

मग मी दुसरीकडं कशाला जाऊ? आठ-पंधरा दिवसांनी मीच म्हणायचे, "आबा, मोडून द्या ना." मी पाटावर बसायचे, ते मागं उभे राहायचे. "सैल सोड बाई, एकदम सैल. मनात दुसरंच काय तरी आण." कडाड. थोडा वेळ कसं मोकळं मोकळं वाटायचं. आणि पुन्हा दिवाण.

त्या दिवशी उजवीकडं झटका दिला तेव्हा मानेत काहीतरी चटकन चावल्यासारखं झालं. मी म्हणाले, "बास आबा, झालं मोकळं." चहा टाकला, प्याले, कामाला बसले. थोड्या वेळानं डोक्याच्या मागच्या बाजूला असं दुखायला लागलं की तसं आयुष्यात कधी दुखलं नव्हतं. मग खोली फिरली. चक्कर नव्हे हो, खोलीच फिरली. भिंतीवरचं कॅलेंडर उजवीकडं घरंगळत चाललं. मी आबांना हाक मारली तर गळ्यातून घोगरा, फाटका आवाज आला. माझा नव्हताच तो. मी इतकी दचकले की मागं वळून बघितलं, कोण बोललं म्हणून.

"कुणाला?"

हॉस्पिटल जालना रोडवरचं. नाव लिहीत नाही. सुनील शिफ्ट सोडून तसाच युनिफॉर्ममध्ये आला. मशीनमध्ये घातलं, काढलं, परत घातलं. मला उलट्या, त्यात उचकी लागलेली ती थांबेना. मला वाटत होतं पित्त झालंय. खरंच सांगते, मी पित्तच समजत होते.

मेंदूच्या डॉक्टर एक मॅडम होत्या. आबांना औषधं आणायला खाली पाठवलं होतं. मॅडमनी आधी विचारलं, "मान कुणी मोडून दिली होती का? न्हाव्यानं, मालिशवाल्यानं?"

मी मान हलवून हो म्हटलं. सुनील माझ्याकडं बघायला लागला.

"मानेतली रक्ताची नळी आतून फाटलीय. तिथं गुठळी झाली आणि मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पोचलं नाही. हा स्ट्रोक आहे."

मी विचारलं, "कुणाला?"

हसू नका. मला खरंच कळेना. अहो, माझं वय चौतीस! स्ट्रोकचे क्लेम मी रोज तपासते. त्यात वयाचा रकाना असतो, तिथं पासष्ट, बहात्तर असं काहीतरी लिहिलेलं असतं. मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला."

सुनीलनं विचारलं, "मान मोडल्यामुळंच?" त्या म्हणाल्या, "शंभर टक्के कुणीच सांगू शकत नाही. पुष्कळांच्या माना मोडतात, त्यांना काही होत नाही. एखाद्याला होतं. तो एखादा कोण, ते आधी कळत नाही. पण यापुढं मानेला कुणी हात लावायचा नाही."

तेवढ्यात आबा औषधांची पिशवी घेऊन आत आले. धापा टाकत होते, लिफ्ट सोडून जिन्यानं पळत आले होते. "काय म्हणल्या बाई? काय झालं लेकीला?"

सुनील माझ्याकडं बघतोय, मी सुनीलकडं. आणि तोच म्हणाला, "एकसारखी खाली मान घालून लॅपटॉपवर बसली ना आबा, त्यानं नस दबली." मी त्याला खोडलं नाही. या माणसानं जन्मभर पोती वाहून मला शिकवलं. त्याला कसं सांगायचं, की हे तुमच्या हातानं झालं? नाही सांगायचं. आमचं दोघांचं तिथंच ठरलं, एक शब्द न बोलता.

गिळणं

आजार झाला मेंदूत आणि गेलं काय, तर गिळणं. हे म्हणजे फारच झालं! थुंकीसुद्धा गिळता येईना. नाकातून नळी घातली. सकाळी नळीतून दूध, दुपारी नळीतून वरणाचं पाणी, संध्याकाळी परत तेच. तोंडाला चवच नाही कशाची. विहारातल्या मावश्या डबाभर खीर घेऊन भेटायला आल्या आणि माझी नळी बघून डबा पदराखाली लपवायला लागल्या. मी खुणेनं सांगितलं, उघडा, निदान वास तरी घेऊ द्या. सगळ्याजणी रडल्या. मला मात्र वेलदोड्याचा वास आला आणि बरं वाटलं.

गिळणं परत शिकवायला रोज एक बाई यायची आणि चमच्यातून थेंबभर पाणी जिभेवर ठेवायची. "गिळा." मी गिळायला जायचे आणि ठसका लागायचा. परत नळी. ज्या दिवशी तो थेंब सरळ खाली उतरला त्या दिवशी वॉर्डातल्या सफाईच्या मावशींनी टाळी वाजवली. माझ्या डोक्याची जट झाली होती, तीही त्यांनीच हळूहळू सोडवली, मानेला जरासुद्धा धक्का न लावता. त्यांचं नावही मी विचारलं नाही. याची चुटपुट आहे.

आबा दिवसभर बाहेर बाकड्यावर. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला धरून सांगायचे, "लॅपटॉपनं केलं हे. लई वाईट वस्तू. माझ्या लेकीची नस दाबून टाकली." मी आत पडून सगळं ऐकायचे.

घरी आले तेव्हा धरून धरून चालत होते, उजवीकडं झोक जात होता. पहिल्या दिवशी आंघोळीचं पाणी अंगावर घेतलं आणि किंचाळलेच. आवाज नाहीच निघाला म्हणा. उजव्या अंगाला पाणी कढत लागत होतं आणि डाव्या अंगाला काहीच नाही. गरम नाही, गार नाही, काहीच नाही! एकच तांब्या, एकच बाई, आणि अंग दोन. मी तिथंच बसून राहिले. त्या धक्क्यातून मी अजून पुरती बाहेर आलेली नाही. आजही पाणी आधी उजव्या हातानं बघते.

नवं ऑफिस

घरी व्यायाम करून घ्यायला सानिया यायची. खुलताबादची पोरगी, रोज बसनं शहरात येते, बोलायला फटकळ. नोकरी टिकवायची तर मला परत बसायला लागणार होतं. ती म्हणाली, "दाखवा, कुठं बसत होत्या." मी दिवाण दाखवला, ते घडीचं टेबल दाखवलं. तिनं कपाळावर हात मारला. "ताई, ये क्या है? यावर बसून माणूस दाणे सोलतो, नोकरी नाही करत."

मग तिनं आमच्या घरातल्या वस्तू धुंडाळल्या. ज्यांना पुढंमागं करायचंय त्यांच्यासाठी नीट लिहिते, कारण यात फारसा खर्च नाही.

आईचं शिलाई मशीन होतं. मशीन आत घडी करून टाकलं की वर सपाट फळी. तेच टेबल. शहागंजातून सुनीलनं जुनी लाकडी खुर्ची आणली, सरळ पाठीची, न हलणारी. कमरेमागं टॉवेलची गुंडाळी. माझी उंची बेताची, पाय लोंबकळायला लागले, तर पायाखाली पाट. लॅपटॉप फळीवर न ठेवता ज्वारीच्या पत्र्याच्या डब्यावर चढवला, अशा बेतानं की समोर बघितलं तर स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत. पण मग टाइप कसं करणार, हात काय आभाळात? म्हणून वेगळा कीबोर्ड आणि माउस. तेवढंच काय ते नवं घेतलं. कोपर अंगाशी, खांदे सैल. खिडकी बाजूला, समोर नाही. आणि अर्ध्या अर्ध्या तासानं उठायचं म्हणजे उठायचं. मी बसले. मान आपोआप सरळ झाली. इतकं सोपं होतं हे? घरातच सगळं होतं की! मला हसावं का रडावं कळेना.

आबा दारात उभे राहून बघत होते. त्यांनी डब्यात वाळू भरून आणली, हलू नये म्हणून. म्हणाले, "आता कशी मान वर करून बसलीस. असंच बस माय."

कामाला लागले. मीटिंगमध्ये मात्र आवाज बंद ठेवून सगळं टाइप करायचे. तो फाटका आवाज मला लोकांसमोर काढवत नव्हता. दिवस बरे चालले होते. मला वाटलं, संपलं एकदाचं.

पाट

आमच्या वरच्या मजल्यावर प्रियंका राहते. तीही घरूनच काम करते, तेही पलंगावर बसून. त्या दुपारी ती खाली आली तेव्हा माझ्या कानात इअरफोन होते, तोंड स्क्रीनकडं. माझ्या पाठीमागं ती आबांशी काय बोलली, मला पत्ताच नाही. पाणी प्यायला म्हणून ते काढले आणि आवाज आला.

"सैल सोड बाई, एकदम सैल. मनात दुसरंच काय तरी आण."

मला मान वळवता येत नाही, मी अख्खी वळले. प्रियंका पाटावर बसलेली, डोळे मिटलेले. आबांचा एक हात तिच्या हनुवटीखाली, एक डोक्यामागं. एकदा झुलवून झालं होतं.

मी ओरडले. म्हणजे तोंड उघडलं. नुसती हवा गेली. परत ओरडले, परत हवा! उठले तर खोली उजवीकडं कलली. चार पावलांवर होते ते आणि मला तिथं पोचता येत नव्हतं. आबांनी दुसऱ्यांदा झुलवलं. मला काही सुचेना. मी तो वाळूचा डबा दोन्ही हातांनी ढकलून दिला.

काय आवाज झाला! डबा, लॅपटॉप, कीबोर्ड, सगळं फरशीवर. वाळू घरभर. आबा प्रियंकाला सोडून माझ्याकडं धावले. "पडलीस का बाई? लागलं का?"

मी खालीच बसले आणि त्यांचं मनगट धरलं. आणि सांगितलं. त्या घोगऱ्या आवाजात, एकेक शब्द करून. मान मोडू नका. कुणाचीच नको. माझं लॅपटॉपनं नाही झालं. मान मोडल्यावर नळी फाटली. डॉक्टर म्हणाल्या.

प्रियंका गळ्याला हात लावून उभी होती, पांढरीफट्ट. आबांनी मनगट सोडवून घेतलं. म्हणाले, "जावायाला ठाव हाय?"

"हो."

"फिजिओवाल्या पोरीला?"

"हो."

"मंजे सगळ्यांला. मलाच नाय."

मी म्हणाले, "आबा, तुम्हाला वाईट वाटलं असतं."

मला वाटलं होतं ते रडतील, कोसळतील. मी त्यांना सावरायची तयारी करून बसले होते. ते भडकले! मला आठवतंय तेव्हापासून कधीच इतके भडकले नव्हते.

"वाईट? दर बाजाराला मी लासूरला जातो, कामून जातो? दोस्त भेटतेत म्हणून. आन तिथं पोरं रांग लावून बसतेत माझ्यापुढं. तू दवाखान्यातून आली त्याच्यानंतर बी मी मोडल्या हायेत माना. किती मोडल्या मला ठाव नाय. एखादा तिथंच लंबा झाला असता मंजे? त्याच्या घरी बी लेकरं हायेत. तुला बापाची दया आली. त्यांची नाय आली?"

मला वाटत होतं हमाली सुटली तसं तेही सुटलं असणार. मी विचारलंच नव्हतं. अंग गार पडलं माझं, त्या वेळी मात्र दोन्ही बाजूंनी.

सुनील घरी आला, त्यानं बघितलं. वाळू भरायला लागला. आबा जेवले नाहीत.

लासूर

सकाळी उठून बघते तर आबांची खाट मोकळी. चप्पल नाही, टोपी नाही, फोन लागेना. सुनील स्टेशनकडं पळाला. माझ्या मनात नाही नाही ते यायला लागलं. रागानं कुठं गेले असतील? शरमेनं? रूळ आठवले मला, खोटं कशाला बोलू. प्रियंका माझा हात धरून बसली होती.

ऊन चढल्यावर फोन वाजला. आबांचाच, व्हिडिओ कॉल. त्यांना तो लावता येत नाही, कुणीतरी लावून दिला होता. समोर मोंढा. मक्याच्या पोत्यांची थप्पी आणि तिच्यापुढं हमाल उभे, काही बसलेले, डोक्याला फडकी बांधलेली. आबांनी फोन उंच धरला होता, सगळ्यांना दिसावं म्हणून.

"ही माझी लेक," आबा त्यांना म्हणाले. "हिची मान मी मोडली. या हातानं. तुमच्या मोडतो तशीच मोडली. आन तिला लकवा मारला. पुन्हा माझ्यापुढं कोणी बसू नका, आन एकमेकाची बी मोडू नका." मग मला म्हणाले, "बोल बाई. ऐकू दे यांला."

मी मान हलवून नको म्हणाले. इतकी माणसं माझ्याकडं बघत होती.

"बोल माय. माझं कोणी ऐकंना. हसतेत मला."

"काय बोलू?"

"काय बी. नाव सांग."

मी नाव सांगितलं. रेखा. माझं, आबांचं, आडनाव. तेवढंच म्हणताना दोनदा हवा गेली, एकदा खोकला आला. पलीकडं कुणी हसलं नाही. कुणीतरी डोक्याचं फडकं काढलं. मग मागून एक म्हातारा हमाल पुढं आला, फोनच्या अगदी जवळ तोंड आणून बघायला लागला.

"शामराव," तो आबांना म्हणाला, "ही जयंतीला गाणं म्हणायची ती रेखा का रं? सगळ्या बाजाराला ऐकू जायचं ती?"

"व्हय," आबा म्हणाले. "तीच."